पोवळीचं दान

देवघरातल्या एकवीरा आईपुढे दिवा लावून झाला की गिरजाबाई तेच निरांजन घेऊन परसात जायच्या. तिथं पत्र्याच्या गोठ्यात पोवळी उभी असायची. सासऱ्यांनी पाळलेल्या गाईंमधली ही शेवटची. तिची आई, आजी, पणजी, साऱ्या महापे गावच्याच मातीत वाढलेल्या. खाडीकडच्या खारवट चिखलात दिवसदिवस उभ्या राहून चरायच्या. बाहेरून आणलेल्या गुरांचे खूर कुजायचे, यांना काही व्हायचं नाही.

गिरजाबाई घणसोलीहून सून म्हणून आल्या तेव्हा घराच्या ओट्यावरून नुसती भातशेती दिसायची. मग जमिनी कारखान्यांना गेल्या. नवरा हिरामण एका कंपनीच्या गेटवर राखणीला बसू लागला, मुलगा धनेश वाशीच्या फळबाजारात चिकटला. राहिली पोवळी. ती भाकड झाली होती. चरायला कुरण नाही, म्हणून रस्त्याकडेला प्लास्टिकच्या पिशव्या चघळत फिरायची. गिरजाबाई तिच्या तोंडात हात घालून पिशव्या ओढून काढायच्या.

शेजारची दुर्गाबाई म्हणायची, "वयनी, इकून टाका ना."

"इकल्यावर ती कुठं जाते, तुला ठाव नाय का?" गिरजाबाई तिथंच बोलणं तोडायच्या.

पोवळीला गवतावर मरण यावं, पोटात प्लास्टिक घेऊन नाही, एवढंच त्या देवाकडे मागत होत्या.

सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात धनेशनं मार्ग आणला. हिमाचलातून सफरचंदं घेऊन येणारा नेगी नावाचा ट्रकवाला परत जाताना रिकामा जायचा. त्याच्या गावाजवळ उंच डोंगरावर देऊळ होतं, देवळाची गोशाळा होती. "माताजी, उधर घास ही घास है," तो म्हणाला. गिरजाबाईंना वाटलं, देवानंच ट्रक धाडला. त्यांनी पोवळीला न्हाऊ घातलं, कपाळी कुंकू लावलं आणि हातावर पाणी सोडून गाय देवाला दिली. हिरामण रजा टाकून सोबत निघाला.

"आये, गाय चालली हिमालयात, नि आमी अजून लोनावल्याला नाय गेलो!" धनेश म्हणाला. सगळे हसले. गिरजाबाईसुद्धा हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला.

पुढं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, हिरामणचा फोन आहे म्हणून. पोवळी वर पोचली होती, पण तिला धाप लागत होती.

"लागंल चार दिस," गिरजाबाई म्हणाल्या. "थंड जागा हाय. सवय व्हईल."

हिरामणलाही तसंच वाटलं. नव्या गावी माणूस रुळतं, तशी गाय रुळेल. तो तिथंच थांबला. पण पुढच्या फोनला त्याचा आवाज बसलेला होता.

"गो, तिच्या गल्याखालची लोंबती पोली सुजलीय. पानी भरलंय. गुरांचा डाक्टर आलता. तो बोल्ला, सवय नाय व्हायची. हिच्या वानातच नाय ते."

"म्हंजे?"

"वर हवा इरल असते. त्या हवेत हिच्या फुप्फुसातल्या नसा आवलतात, काळजावर जोर पडतो, मग अंगात पानी उतरतं. हितल्या बारक्या गाईंच्या नसा तशा आवलत नाय. रक्तातच तसं हाय त्यांच्या. पयल्यापासून ज्यांना सोसलं नाय त्या मेल्या, ज्यांना सोसलं त्यांची वासरं झाली. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय. आपल्या पोवलीच्या आईआजीनं चिखल सोसला, ही हवा कुठून सोसनार? तो बोल्ला, खाली न्या, आजच न्या, जगंल. ट्रक हाय उभा. काय करू, सांग."

हातावर पाणी सोडून दिलेली गाय. दिलेलं दान मागे घेतलं तर घराला दोष लागतो, हे गिरजाबाई लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

"दान परत कसं घेवाचं वो? थांबा. मी गुरुजींना इचारते. उद्या फोन करा."

गुरुजी नेरूळला कुणाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेले होते. गिरजाबाई त्यांच्या दारात दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. गुरुजी आले, चपला काढता काढता त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, यात विचारायचं काय? गाय देवाचीच राहील, फक्त खाली चरेल. जीव वाचवणं म्हणजे दान मोडणं नव्हे."

गिरजाबाई धावत बूथवर गेल्या. पण फोन करायचा कुठं? हिरामण कुठल्याशा दुकानातून बोलायचा, नंबर कुणाकडेच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या सकाळपासून बूथच्या स्टुलावर बसल्या. घंटी वाजली तसा त्यांनी रिसीव्हर ओढलाच.

"आना तिला खाली! गुरुजी बोल्ले, आना!"

"पहाटंच गेली गो," हिरामण म्हणाला. "गवतावरच झोपली व्हती."

तो परत आला, ड्यूटीवर जाऊ लागला. जेवताना एकदा तो म्हणाला, "डाक्टर बोल्ला, गाय कमजोर नव्हती. आपल्या हितलीच व्हती, एवढंच." गिरजाबाई ताटातला भात चिवडत राहिल्या. इथं तिला ठेवायला जागा राहिली नव्हती, आणि दुसरीकडे जगायला ती बनलेली नव्हती.

वसुबारसेला कोपरखैरण्याच्या सोसायटीतली नंदिनी पूजेचं ताट घेऊन आली. सेक्टरात गाय कुठली मिळायला? कुणीतरी तिला हे घर सांगितलं होतं.

"मावशी, गाय कुठं बांधलीय?"

बाहेर निघालेला धनेश जाता जाता बोलून गेला, "ती हिमालयात देवाला दिली."

"अय्या! केवढं पुण्य हो तुमचं!" नंदिनीचे डोळे मोठे झाले. "मग तुमच्याच पाया पडते."

ती वाकली. गिरजाबाईंनी पाय मागे ओढले.

"नको गो पोरी. मेली ती. खाली आनली असती तर जगली असती. मीच आनू नाय दिली."

ताटातली हळद वाऱ्यानं उडत होती, तिच्यावर हात धरून नंदिनी ओट्यावर उभी राहिली. गिरजाबाई आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.