मॅडम हाताचा वास घेतात

हे बाहेर सांगू नका, असं मॅडमनी आम्हाला बजावलंय. पण आमच्या ग्राउंडवर रोज काहीतरी घडतं आणि ते साचत जातं. मी फार बोलत नाही, म्हणून माझ्याकडे जास्तच साचलंय.

मॅडम पोशेरा गावातल्या आम्हा दहा मुलींना सकाळी खो-खो शिकवतात. उपाशीपोटी पळायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. "खाल्लं का?" विचारलं की सगळ्या "हो" म्हणतात. म्हणून त्या उजव्या हाताचा वास घेऊ लागल्या. मग आम्ही घरून निघताना सुकटीच्या डब्यात बोटं घालू लागलो.

एकदा दहाही हात हुंगून मॅडम म्हणाल्या, "आज अख्ख्या पाड्यात सुकट? लग्न होतं का कुणाचं?"

आम्ही हात पाठीमागे घेतले.

* * *

मग त्या शेंगदाण्याचे लाडू आणू लागल्या. आम्ही ते धाकट्या भावंडांसाठी घरी न्यायचो. "माझ्यासमोर खा," असं झालं. कमल आमच्यात सगळ्यात वेगवान. ती लाडू गालात धरून दोन राउंड पळाली.

मॅडम म्हणाल्या, "कमल, नाव सांग बघू तुझं."

तिने नुसती मान हलवली.

* * *

आरोग्य केंद्रात रक्त तपासलं. कमलचं हिमोग्लोबिन सात. मॅडम म्हणाल्या, "गोळ्या घ्यायच्या. तीन महिने पळायचं नाही."

"पण मॅडम, मी तर पहिली येते. मग रक्त कमी कसं?"

मॅडमनी गोळ्यांचं पाकीट तिच्या मुठीत दिलं.

* * *

कमलचे बाबा आले. "टीममध्ये आहे म्हणून तिला मावशीकडं ठेवणार होतो. खेळत नाय तर येऊ दे आमच्यासंगं भिवंडीला, वीटभट्टीवर."

"दादा, विटा उचलायला रक्त लागत नाही का?"

"लागतं. पण तिथं कोण तपासत नाय."

* * *

मॅडमनी तिला राखीव ठेवलं. कमलचे बाबा जव्हारला मॅच बघायला आले.

"राखीव म्हणजे काय?"

"गरज लागली की उतरते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या डावात सविताचा पाय मुरगळला. बाबा म्हणाले, "आता लागली ना गरज?"

कमल उठून उभी राहिली होती. मॅडमनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि पंचांना सांगितलं, "आम्ही आठच जणी खेळतो."

आम्ही हरलो. बाबा कमलला तिथूनच घेऊन निघाले. जाताना तिने मला विचारलं, "मी उतरले असते तर जिंकलो असतो ना?"

मी "हो" म्हणाले. मॅडम मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझा उजवा हात धरून नाकाशी…

आई हाक मारतेय. जाते.