पाठमोऱ्या खुर्च्यांची बाई

बोलायला शिकवणारी बाई, आणि स्वतः मात्र तोंड उघडायला तयार नाही! दोन तासांच्या वर्गात तिच्या तोंडून मोजून वीस-पंचवीस वाक्यं निघायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, अगं बाई, हिच्यापेक्षा आमची गल्लीतली बोहारीण जास्त बोलते. आणि हिला म्हणे युनिनं, म्हणजे इथल्या विद्यापीठानं, नेमलंय, परदेशातून आलेल्या मुलामुलींना इंग्रजी बोलायला आणि ऐकायला शिकवायला.

तिचं नाव हेलन. प्रज्ञा, म्हणजे माझी लेक, तिला सरळ हेलन म्हणायची. साठीला आलेली बाई, त्यातून शिक्षिका, आणि तिला नावानं हाक! ‘आई, इथे सगळे असंच म्हणतात,’ प्रज्ञा म्हणायची. म्हणोत बापडे. मी तिचं नाव ठेवलं खुर्चीबाई. कौतुकानं नव्हे, हे आधीच सांगते.

कारण वर्ग भरायच्या आधी येऊन ती एकटीच खुर्च्या फिरवत बसायची. दोन-दोन खुर्च्या, पाठीला पाठ लावून. मुलं आली की जोडीनं बसायची, एकाचं तोंड खिडकीकडे, दुसऱ्याचं भिंतीकडे. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. चित्रवाल्यानं सांगायचं, कागदवाल्यानं ऐकून काढायचं. वळून बघायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हातवारे गेले, चेहरा गेला, उरली फक्त जीभ आणि कान. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की वर्गात हशा. कुणाचं झाड छपरावर, कुणाची गाय टेबलाखाली.

हे सगळं मला प्रज्ञा सांगायची. त्या वर्षी ती इथे मास्टर्सला होती आणि मी व्हिजिटर व्हिसावर ब्लॅकटाउनला तिच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटवर, येऊन राहिले होते. रोज सायंकाळी ट्रेनने यायची, बॅग टाकायची आणि सुरू. ‘आज हेलननं भिंतीवर कागद चिकटवले. एकीनं पळत जायचं, वाचायचं, पळत यायचं आणि दुसरीला सांगायचं, तिनं लिहायचं. आई, मी नऊ वाक्यं सांगितली!’ मी भाकरी थापत हूं हूं करायचे. आतून मात्र तव्याआधी मीच तापलेली असायचे.

का तापणार नाही, तुम्हीच सांगा. प्रज्ञाला इंग्रजी दिलं कुणी? मी दिलं. अकोल्याला सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी एकवीस वर्षं बसले. शिक्षण सातवी. इंग्रजी शिकले ते औषधांच्या खोक्यांवरून आणि डॉक्टरांच्या अक्षरावरून, आणि त्या अक्षरावरून जो शिकतो त्याला पुढे काहीच अवघड जात नाही. रोज ड्युटीवरून आल्यावर प्रज्ञाला टेबलाशी बसवायचे, पुस्तकातल्या ओळीखाली फूटपट्टी धरायचे, ती मोठ्यानं वाचायची. चुकलं की फूटपट्टी टेबलावर टक्. पुन्हा पहिल्यापासून. पोरगी जिल्ह्यात इंग्रजीत पहिली आली होती, उगीच नाही. आणि आता चार महिन्यांची ओळख असलेली एक बाई नऊ वाक्यांचं श्रेय घेऊन जाते!

एक दिवस प्रज्ञा म्हणाली, ‘आई, दर गुरुवारी वर्गात बाहेरची माणसं बोलावतात. वेगवेगळ्या लोकांचं इंग्रजी कानावर पडावं म्हणून. हेलन म्हणाली, तुझ्या आईला आण.’

‘मला कशाला? मी काय नमुना आहे?’ मी म्हटलं. आणि बुधवारीच निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून ठेवली.

खुर्चीबाई दिसायला अगदीच साधी. आखूड पांढरे केस, पायात चालायचे बूट, अंगात एक मेंदी रंगाचा स्वेटर, ज्याचं एक बटण तुटून तिथे दुसऱ्याच रंगाचं लावलेलं. मला जरा बरं वाटलं. मग कळलं की बटणांचा तिच्याकडे डबाच होता. जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा. प्रत्येकाला तीन बटणं द्यायची. एकदा बोललात की एक बटण मधल्या ताटलीत टाकायचं. तिन्ही संपली की गप्प. आणि सगळ्यांची संपेपर्यंत कुणालाही नवीन मिळणार नाहीत.

विषय होता, पहिल्यांदा घर सोडलं तो दिवस. आता हा काय तीन बटणांत मावणारा विषय आहे? माझी पहिली दोन तर नाव-गाव सांगण्यातच गेली. तिसरं गेलं ते एका व्हिएतनामच्या मुलीचं वाक्य दुरुस्त करण्यात. पाच मिनिटांत माझ्यापुढे नुसतं टेबल. पुढचा अर्धा तास मी ओठ आवळून बसले. माझ्या लेकीच्या हातात तिन्ही बटणं शिल्लक, आणि ती एकेक टाकत सावकाश, नीट बोलत होती. मध्ये दोनदा चुकली. माझा हात टेबलावर गेला हो आपोआप. फूटपट्टी नव्हती म्हणून बरं.

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट मात्र माझ्या नजरेत आली, जी मुलांना दिसत नव्हती, कारण मी तिच्या मागच्या बाजूला बसले होते. खुर्चीबाई प्रश्न विचारायची आणि दोन्ही हात पाठीमागे घ्यायची. आणि तिथे बोटं मोजायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मोजून दहा. तोवर कुणी नाही बोललं तरी ही ढिम्म. चेहऱ्यावर हसू तसंच. पाचव्या-सहाव्या बोटाला मुलं कासावीस व्हायची, आणि आठव्याला कुणीतरी बोलायचंच. घरी येताना मी प्रज्ञाला म्हटलं, ‘तुझी हेलन लबाड आहे. नुसती उभी राहते.’ प्रज्ञा हसली. ‘आई, इतका वेळ कुणी माझ्यासाठी थांबलंच नव्हतं.’ ती सहज बोलून गेली.

तिचा आणखी एक नियम होता. आधी तिचं सांग, मग तुझं. म्हणजे समोरचीला उत्तर द्यायच्या आधी, ती काय म्हणाली ते आपल्या शब्दांत तिला सांगायचं. तिनं मान डोलावली तरच पुढे आपलं बोलायचं. नाही डोलावली तर पुन्हा ऐकायचं. मला हा नियम अजिबात आवडला नाही. लोक काय म्हणणार ते मला आधीच ठाऊक असतं.

पण मी जात राहिले. मला पोरांनी ‘आंटी’ करून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर बाई वर्गात माझ्या लेकीशी काय करते यावर मला नजर ठेवायची होती. तिसऱ्या का चौथ्या गुरुवारी प्रज्ञाची जोडीदारीण आली नव्हती. खुर्चीबाईनं आमच्याकडे पाहिलं आणि दोन खुर्च्यांच्या पाठी एकमेकींना लावल्या. ‘मायलेकी, बसा. आज चित्र नाही. ओळखीच्या एखाद्या खोलीचं वर्णन करायचं.’

माझ्या पाठीला प्रज्ञाच्या खुर्चीची पाठ लागली. ती इंग्रजीत सांगायला लागली. एक खोली आहे. खिडकीपाशी टेबल आहे. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. एवढ्यात मी ओळखलं, ही आमची अकोल्याची खोली! मग काय, माझी पेन्सिल सुटलीच. खिडकी, टेबल, भिंतीवर तथागतांचा फोटो, कोपऱ्यात माठ, टेबलाशी मी, माझ्या हातात फूटपट्टी, खुर्चीत दोन वेण्यांची प्रज्ञा. ती बोलत होती तोवर माझं काढून झालंसुद्धा. सगळ्या वर्गात पहिली!

प्रज्ञानं चित्र हातात घेतलं. मग मराठीत म्हणाली, ‘आई, मुलगी दाराजवळ उभी आहे असं मी म्हटलं होतं. दोनदा.’

‘अगं, तू खुर्चीतच बसायचीस. मला माहीत नाही का?’

‘मी दाराजवळ म्हटलं होतं.’

खुर्चीबाई आली. तिला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं चित्र पाहिलं, मग प्रज्ञाचा चेहरा पाहिला. मला म्हणाली, ‘खोली फार सुंदर काढलीत. आता तिनं सांगितलेली काढा.’ आणि नवा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी नाही काढली. त्या कोऱ्या कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. परक्या बाईनं माझ्याच घरातली माझी लेक कुठे बसायची ते मला सांगावं! त्यानंतर गुरुवारी माझे गुडघे दुखायला लागले. दर गुरुवारी.

दोन वर्षं गेली. प्रज्ञा शिकली, पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी, झाली, वेस्टमीडला लॅबमध्ये लागली. मीही लांब मुदतीच्या व्हिसावर पुन्हा आले. लॅबमधल्या मिटिंगा, फोन, भांडणंसुद्धा ती इंग्रजीत करते, आणि चुकली तरी थांबत नाही. महिन्यातून एकदा खुर्चीबाईबरोबर कॉफीला जायची. तिथून आली की चेहरा उजळलेला. घरी मात्र मला, ‘जेवलीस का? शिफ्टला जाते.’ तेवढंच. मी काही विचारलं की, ‘काही नाही गं, आई.’

गेल्या वर्षी खुर्चीबाई निवृत्त झाली. टास्मानियात बहिणीकडे राहायला जायची होती. वर्गातच निरोप समारंभ ठेवला होता, जुने विद्यार्थी आले होते. प्रज्ञानं भाषण केलं. हातात कागद नाही, काही नाही. मध्ये एकदा अडली, तर सगळा वर्ग शांतपणे थांबला, आणि ती पुढे बोलली. शेवटी म्हणाली की मला आवाज हेलननं दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तोंडात कडू गोळी धरल्यासारख्या.

मग केक कापला, आणि खुर्चीबाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं काही विचारलं नाही. नुसती बसली. मला माहीत होतं की ही आता बोटं मोजतेय. मीही हट्टानं गप्प राहिले. पण मी कसली दहापर्यंत टिकते! म्हटलं माझ्या मोडक्या इंग्रजीत, ‘मला तुमचा फार हेवा वाटतो. इंग्रजी तिला मी दिलं. ती बोलते मात्र तुमच्याशी.’

ती दचकली नाही, ‘छे छे’ म्हणाली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मी ऐकलं ते असं. तुम्ही तिला इंग्रजी दिलंत, आणि ती माझ्याशी बोलते, तुमच्याशी बोलत नाही. म्हणून हेवा वाटतो. बरोबर?’

माझ्याच मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर डोळ्यांत पाणी आलं हो. मी मान डोलावली.

‘आता माझं,’ ती म्हणाली. ‘प्रज्ञा आली तेव्हा तिचं एकही वाक्य चुकत नव्हतं, कारण ती एकही बोलत नव्हती. वाक्यं सगळी होती तिच्याकडे. तुम्ही दिलेली. मी फक्त थांबले.’ फक्त म्हणे!

उठताना तिनं स्वेटरच्या खिशातून तीन बटणं काढून माझ्या हातावर ठेवली. ‘सांभाळून वापरा,’ म्हणाली. आमची भेट ती शेवटची.

घरी येताना प्रज्ञा गाडी चालवत होती. दुपारचं ऊन, पुढे गाड्यांची रांग. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, तर हाताला ती जुनी घडी लागली. उघडून मांडीवर ठेवली. कागद अजून कोराच. मग विचारलं, ‘दाराजवळ का उभी राहायचीस गं?’

प्रज्ञानं एकदा कागदाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. ‘तू मध्येच भाजी निवडायला खाली मान घातलीस की मी पुस्तक घेऊन हळूच उठायचे. खुर्चीत बसलं की फूटपट्टी वाजायच्या आधीच मला टक् ऐकू यायचं. मग शब्दच यायचे नाहीत. दारातून जरा कमी ऐकू यायचं.’

माझ्या ओठांवर आलं होतं, अगं, मी तुला कधी बोट तरी लावलं का? टेबलावरच तर वाजवत होते! सगळं वाक्य तयार होतं. मी ते गिळलं. म्हटलं, ‘तू म्हणतेस, खुर्चीत तुला फूटपट्टी आधीच ऐकू यायची, आणि शब्द पळून जायचे. म्हणून तू दारात जाऊन वाचायचीस. बरोबर?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘बरोबर.’

आता माझी पाळी होती. मी पदराखाली हात घेतले आणि बोटं मोजायला लागले. एक. दोन. तीन. पुढची गाडी हलली, आम्ही हललो. चार. पाच. सहा. सातव्या बोटाला प्रज्ञा आपणहून बोलायला लागली. अकोल्याचं, तिच्या बाबांचं, इथल्या पहिल्या सेमिस्टरला बाथरूममध्ये नळ सोडून रडायची त्याचं. घर आलं, तिनं गाडी दारात लावली, तरी उतरली नाही. बोलत राहिली.

आणि खरं सांगू? तेव्हासुद्धा मला त्या बाईचा हेवाच वाटला. हे तिला दर महिन्याला कॉफीवर ऐकायला मिळत होतं.