सुमीचा इसब आणि आमची ओळ

घरात इसबाचं एक पोर असू द्या, किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. तेच चालत येतात, हातात मलमाची डबी घेऊन! आम्ही सिंदीच्या रेल्वे क्वार्टरांच्या ओळीत राहायचो. हिवाळा लागला की आमच्या तीन वर्षांच्या सुमीच्या कोपरांची आणि गुडघ्यामागची कातडी उलायची. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, कोमट पाणी, साबण कमी, अंग ओलं असतानाच खोबरेल, अंगाला लोकर नको. आणि हा रोग कुणाला लागत नाही. पण आमच्या ओळीत ऐकतंय कोण?

सासूबाईंचा विश्वास कढत पाण्यावर. मी कोमट काढून वळले की त्या बंबातलं ओतायच्या. पोर लालबुंद! डॉक्टर नको म्हणाले, असं सांगितलं तर म्हणाल्या, "त्याले काय, त्याले थोडीच थंडी वाजून राह्यली?"

नणंदेने देवळीहून लोकरीचं स्वेटर पाठवलं. ती आली की ते घालावंच लागे. सुमी खाजवून खाजवून बेजार, आणि नणंद कौतुकाने सांगते, स्वेटर पाहून पोरगी कशी नाचून राह्यली!

आमचे हे रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले. एक दिवस डबाभर वंगण घेऊन आले. "चाकाले चालते, तं हिले काऊन नाई?" डबा बाहेर, आणि हेही बाहेर. तरी तेवढ्यात सुमीचा एक हात माखलाच होता. तो धुवायला साबण लागला, आणि माझी आठवड्याची मेहनत पाण्यात.

शेजारच्या वच्छलाबाईंनी तर ही खरूजच ठरवली. मी नळावर गेलेली पाहून गंधकाचं मलम चोळलं. पोर अंगणभर रडत फिरली. बाई म्हणतात, "आग होते म्हंजे लागू पडलं." लागू कसलं पडतंय? मग त्यांनीच ओळीत सांगितलं की हा रोग लागतो. सगळ्यांनी आपापली पोरं आत घेतली. सुमी बाहुली घेऊन दारात उभी राहायची. मला रडू यायचं आणि संतापही.

संक्रांतीला तिचं बोरन्हाण. मी म्हटलं, यंदा नको, येणार कोण? सासूबाईंनी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही, ओळभर बोलावणं केलं. बायका आल्या, पण आपापल्या पोरांचे हात घट्ट धरून. मी सुमीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतल्या. ते सगळं पोरांनी लुटायचं असतं. कुणी हललं नाही. सुमीने एक बोर उचलून पुढे केलं. ते कुणी घेईना.

सासूबाई उठल्या, मधोमध फतकल मारून बसल्या. तोंडात एकही दात नाही. सुमीच्या हातातलं बोर त्यांनी तोंडात टाकलं आणि घोळवत बसल्या. मग म्हणाल्या, "वच्छले, पोरीचा हात सोड. नाईतर हे सारं मी एकलीच खाईन, अन् पोट दुखलं तं चोळाले तुलेच बोलावीन."

वच्छलाबाईंनी खाली पाहिलं. त्यांच्या पोरीने, शांतीने, मोकळ्या हाताने सुमीच्या मांडीवरची रेवडी केव्हाच तोंडात टाकली होती.