आठ सोनेरी, एक काळा

माझी माशांची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. गुणाकार केला तर साडेछप्पन लिटर येतात. पण वरचे दोन इंच मोकळे सोडावे लागतात, खाली वाळू असते, वाळूत पाणवनस्पती लावलेल्या असतात. ते वजा केलं की उरतात बेचाळीस लिटर, म्हणजे आमच्या न्हाणीघरातल्या तीन बादल्या. पुढे जे झालं ते सगळं या तीन बादल्यांत कोण राहू शकतं आणि किती जण राहू शकतात, यावरून झालं. आमच्या घरी येऊन टाकीबद्दल सल्ला देणाऱ्या एकाही माणसाने हा प्रश्न विचारला नाही.

टाकी आणली आईसाठी. आई आष्टीहून आमच्याकडे जालन्याला आली ती पोटदुखीमुळे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्वांत मोठा चौदा मिलिमीटरचा. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकू, दोन दिवसांत घरी. लांबवत बसलात आणि एखादा खडा नळीत सरकला तर कावीळ होईल, मग धावपळ करावी लागेल. आई म्हणाली, "बघू." आईच्या 'बघू'चा अर्थ मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे. तो नाही असा आहे.

तिला ऑपरेशनची भीती वाटत होती आणि दिवसभर पलंगावर बसून ती त्या भीतीकडेच बघत होती. समोर बघायला दुसरं काही असलं तर बरं, असं मला वाटलं. म्हणून पलंगासमोर टाकी मांडली. झाडं लावली. पाणी महिनाभर तसंच ठेवायचं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात तयार होतात, आणि मग दोन-दोन करत लहान मासे सोडायचे, असा बेत होता. मी बियाणं कंपनीत उगवणशक्ती तपासण्याचं काम करतो. वाट बघण्याचा मला पगार मिळतो.

साडूभाऊंना मिळत नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते भोकरदनला राहतात आणि वास्तुशास्त्र जाणतात. स्वतःच्या घराचा जिना त्यांनी वास्तूसाठी दोनदा फिरवला आहे. आता त्या जिन्यावर चढताना प्रत्येक पाहुण्याचं डोकं आपटतं, पण दिशा बरोबर आहे. आईला बघायला आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती.

"घ्या साडूसाहेब. आठ सोनेरी, एक काळा. आईंच्या पलंगासमोर ईशान्यच येते ना?"

"येते. पण दाजी, पाणी अजून तयार नाही. आणि हे गोल्डफिश आहेत, एकेक वीतभर वाढतो. तीन बादल्या पाण्यात नऊ?"

"टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो."

"मग पोराला लहान बूट घातले की तो ठेंगूच राहील का?"

तेवढ्यात बायकोने आतून हाक मारली, "अहो, चहा न्यायला या जरा." चहा अजून गॅसवर चढलाही नव्हता. स्वयंपाकघरात तिने मला एवढंच सांगितलं, की दाजींनी आणलेली वस्तू परत केली तर ताईला तोंड मीच द्यायचं. मी बाहेर आलो तोवर मासे टाकीत पोहत होते.

"काळा कशाला वो, पाव्हणं?" आईने विचारलं.

"आई, तो घरावरचं ओढून घेतो. कुणावर काही येणार असलं ना, ते त्याच्यावर जातं. तो मरतो आणि घेऊन जातो."

आईने काळ्या माशाकडे बराच वेळ पाहिलं. तिचा हात उजव्या बरगडीखाली गेला होता.

गोल्डफिशच्या दृष्टीने झाडं म्हणजे पालेभाजी. आठवड्यात त्यांनी निम्मी खाल्ली आणि उरलेली उपटली. पाणी सांडग्याच्या पिठासारखं गढूळ झालं. मी रोज दोन बादल्या पाणी बदलत होतो. तरी व्हायचं ते झालंच. एका सकाळी काळा मासा पोट वर करून तरंगत होता.

आमच्या घरात कुणी मेल्यावर इतके आनंदाचे फोन आलेले मी पाहिले नव्हते. पहिला साडूभाऊंचा. "गेलं ना? मोठं काही तरी होतं बघा!" मग मेहुणीचा, मग मेहुणीच्या जावेचा. तिला आम्ही लग्नानंतर एकदाच भेटलो आहोत, पण बातमी तिलाही आनंदाची वाटली. आईने शिरा करायला लावला. पित्ताशयात खडे असलेल्या बाईला तूप वर्ज्य आहे हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. बायकोने तूप कमी घातलं, आईने वरून वाढून घेतलं. मी सर्जनकडून ऑपरेशनची तारीख आणली होती, ती सांगितली.

"आता कशाला? घेऊन गेला की तो," आई म्हणाली.

शिऱ्याने आपलं काम संध्याकाळपर्यंत केलं. आई पोट धरून आडवी पडली. मला वाटलं, आता तरी समजेल. तिला समजलं ते वेगळंच. "थोडं राह्यलं वाटतं," ती म्हणाली. "अजून एक काळा आन."

बाजारातल्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला मी विचारलं, काळा मासा सुटा मिळतो का.

"मिलता ना साहब. काला तो ज्यादाच रखना पडता. सोनेरी एक बार ले जाते, काला हर महिने."

"काळाच का मरतो?"

"वास्तू है ना साहब," तो म्हणाला आणि जाळी घेऊन वळला.

नवा काळा टाकीत सोडला आणि मी समोर स्टूल टाकून बसलो. जेवणाच्या वेळी सगळं दिसलं. आठ सोनेरी हे लांब अंगाचे, चपळ मासे. दाणे पाण्यावर पडायच्या आत ते खाली तोंड उघडून तयार. काळा मात्र वेगळ्या जातीचा. अंग गोल, चाल हळू, आणि डोळे बटणांसारखे बाहेर आलेले. त्या डोळ्यांनी त्याला धड दिसत नाही. तो दाण्याचा वास घेत वर येईपर्यंत वर काहीच उरलेलं नसायचं. मग तो काचेला नाक लावून फिरायचा. शंभर बिया एका ट्रेमध्ये ओल्या कापडावर ठेवल्या आणि एक तेवढी कोरड्या कोपऱ्यात टाकली, तर कुठली उगवणार नाही हे सांगायला ईशान्य लागत नाही. मी त्याच्यापुरते दाणे वेगळे टाकून पाहिले. सोनेरी तिकडेही आधी पोहोचले.

तोही गेला. मी आईला सांगितलं, "आई, तो उपाशी मेला. याच्या आधीचाही उपाशीच मेला. ही जोडीच चुकीची आहे."

"उपाशी तर उपाशी. पण घेऊन गेला ना?"

पुढच्या कळेनंतर तिने विचारलं, "डाक्टरनं खडे किती सांगितले रे?"

"रिपोर्टात 'अनेक' असं लिहिलंय."

"मंग एकेकानं काय हून राह्यलं? पाच-सहा काळे संगंच आन की."

बायको तोंडाला पदर लावून आत गेली. मला हसू आलं नाही. तो चौदा मिलिमीटरचा खडा जागेवरच होता, आणि टाकीत मासे मरत होते तोवर आई दवाखान्याची पायरी चढणार नव्हती. मग मला एकच मार्ग दिसला. टाकीत मरणारे मासे ठेवायचे नाहीत.

आधी सोनेऱ्यांची सोय लावली. साडूभाऊंच्या अंगणात हजार लिटरचा हौद आहे. मी त्यांना फोन केला. "दाजी, एवढा हौद तुमच्या दारात, आणि वास्तूचे मासे माझ्या तीन बादल्यांत? बरं दिसत नाही." ते जरा चाचरले, पण मेहुणीने फोन घेतला आणि लगेच हो म्हणाली. आठच कसे ठेवायचे, म्हणून नववा काळा तिने स्वतः विकत आणला.

मग मी निवड करायला बसलो. सुरुवात पाण्यापासून केली, कारण पाण्याचा गुण बदलणं आपल्या हातात नाही. आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार मीटरवर अकराशेच्या घरात जातात. बादलीला आतून पांढरा थर बसतो. चमकत्या निळ्या पट्ट्याचे टेट्रा मासे दिसायला सुरेख, पण त्यांना मऊ पाणी लागतं. ते बाद. एंजल लहान माशांना गिळतो, बाद. वाघासारखे पट्टे असलेला बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो, बाद. दुकानदार म्हणाला, "सब मिलाके ले जाओ साहब, अच्छा दिखता." त्याच्या दृष्टीने मासे जुळतात की नाही हे पिशवीत मावतात की नाही यावर ठरत होतं. जड पाणी चालेल, दीड इंचाच्या वर जाणार नाही, झाडं खाणार नाही, शेजाऱ्याला चावणार नाही आणि सगळ्यांना दाणे सारखेच दिसतील, अशा चाळणीतून शेवटी एकच नाव खाली आलं. गप्पी. त्यातही मी सहाच्या सहा नर घेतले. मादी आली की महिन्याभरात तीन बादल्यांत जत्रा भरते.

"गप्पी?" बायको म्हणाली. "मलेरियावाले हौदात सोडतात ते?"

"तेच. त्यांचे रंगीत भाऊबंद."

साडूभाऊ फोनवर म्हणाले, "त्याला काय अर्थय? शोभेचा मासा न्हाई तो. वास्तूत बसत न्हाई."

"टाकीत बसतो," मी म्हणालो.

नवी झाडं लावली, पाणी पुरतं तयार होऊ दिलं, मग दोन-दोन करत मासे सोडले. झाडं वाढली. मासे त्यांच्यातून शेपट्या फुलवत फिरू लागले. आईचा मात्र रोज सकाळी एकच प्रश्न. "आज कुनी गेलं का?"

"नाही."

"कालबी न्हाई?"

"नाही. सहाच्या सहा आहेत."

"नुसते खातेत मेले. एकबी कामाचा न्हाई." मग बायकोकडे वळून, "याला धड मासेबी निवडता येत न्हाईत."

पुढची कळ आली ती आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. आई घामाने भिजली, ओकारी झाली. कळ ओसरल्यावर ती उशीला टेकून टाकीकडे बघत होती, तेव्हा साडूभाऊंचा फोन आला. मी आवाज मोठा करून फोन तिच्यासमोर धरला.

"आई, आनंदाची बातमी! हौदातला काळा गेला. तुमचं गेलं बघा सगळं!"

आईने श्वास घेतला. "हौद कुनाचा, पाव्हणं?"

"आमचाच की."

"मासा कुनी आनला?"

"हिनंच. का?"

"मंग माझं कसं गेलं? ज्याच्या घरचा मासा, त्याच्या घरचं जातं. तुमीच तं सांगून राह्यले व्हते."

आईने फोन बाजूला सारला. समोर सहा जण झाडांमधून आरामात फिरत होते. त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "हे काय मरत न्हाईत. माझं माझ्यापाशीच राह्यलं. इचार त्या डाक्टरला, कधी बोलावतो."

मी तिथल्या तिथे सर्जनना फोन लावला. तिने पुन्हा 'बघू' म्हणायच्या आत.

ऑपरेशन सरळ झालं. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ दवाखान्यात आले. आई बसून पेज पीत होती.

"बघा आई," ते म्हणाले, "काळा गेला म्हणून सगळं सुखरूप पार पडलं."

"पाव्हणं, माझं तं डाक्टरनं काढलं," आई म्हणाली. "तुमच्या काळ्यानं काय नेलं, त्याचा तपास करा. आन् नसन नेलं, तर जल्दी करा."

साडूभाऊ हसले, पण पुरते नाही. थोड्या वेळाने मी औषधं आणायला निघालो तर तेही मागोमाग बाहेर आले. व्हरांड्यात इकडे तिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "साडूसाहेब, ते सोनोग्राफीला उपाशीपोटीच यावं लागतं का?"