मी मारलेले दोन सेन्सर

"काका, तुमच्या ग्राफमधून माझे दोन सेन्सर कुठे गेले?" केतकीने फोनवर विचारलं. ती सव्वीसची, मी पस्तिशीचा. पण इथे अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांना दिसेल तो मराठी माणूस काकाच असतो. ती कोलोरॅडोच्या डोंगरावर, झाडंही जिथे वाढायची थांबतात तिथे उभी होती. मी पायथ्याशी, संशोधन संस्थेच्या ऑफिसात कॉफी पीत होतो.

२००५चा उन्हाळा. डोंगरावरच्या टेम्परेचर सेन्सरचे आकडे घेऊन फुलं कधी उमलतील ते सांगणारं सॉफ्टवेअर मी लिहीत होतो. आधी पुण्यात बँकेचा डेटा साफ करायचो, म्हणजे वनस्पतिशास्त्र यायलाच हवं!

सातपैकी दोन सेन्सर नाठाळ होते. एक भलताच गरम, दुसरा आठवडेच्या आठवडे शून्यावर. एक बिघडला, दुसरा मेला, असं निदान मी खुर्चीतून न उठता केलं आणि दोघांचे आकडे उडवले. ग्राफ इतका गुळगुळीत आला, की मॅनेजर ग्रेग म्हणाला, "ब्यूटिफुल! देणगीदार येतायत, लॉबीत लावू."

केतकीला पीएचडीसाठी एकाच जातीची फुलं दोन जागी, एकाच उन्हाळ्यात मोजायची होती. फुलं जेमतेम आठवडाभर टिकतात. माझ्या तारखेवर विसंबून ती वर चढली होती.

"गरमवाला मोठ्या दगडाच्या साऊथ साइडला आहे," ती म्हणाली. "तिथे ऊन येतं, वारा लागत नाही. स्नो लवकर मेल्ट झाला. फुलं येऊन गेली पण."

"आणि शून्यवाला?"

"तो खड्ड्यात. अजून कमरेएवढा स्नो आहे. काका, स्नोखाली टेम्परेचर झीरोलाच अडकतं, यू नो!"

आय डिड नॉट नो. दोन्ही जागांत अंतर वीस पावलांचं. एकीकडे फुलं सुकली, दुसरीकडे हिवाळा चालू. माझ्या हिशोबात मात्र अख्ख्या डोंगराला एकच तारीख होती.

मी ग्रेगला सांगितलं, ग्राफ बदलावा लागेल.

"दिसेल कसा?"

"वेडावाकडा."

"मग देणगीदार येऊन गेल्यावर बदलू."

मी दोन्ही सेन्सर हिशोबात परत घेतले. खड्ड्यातल्या फुलांची तारीख या वेळी बरोबर निघाली. धापा टाकत मीही वर गेलो. पण दगडामागची फुलं गेली ती गेलीच. केतकीची पीएचडी एक वर्ष लांबली.

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स ओके." ओके नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला खरोखर लाज वाटली.

तेव्हापासून आकडा विचित्र दिसला की मी डिलीट दाबत नाही. आधी बूट घालतो.