नाव टाकू नको

वामन गेल्याची बातमी मला ग्रुपवर कळली. सकाळी दुकानाचं शटर वर करून झेरॉक्सचं मशीन तापायला ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. 'आपला लाडका मित्र, दिलदार माणूस वामन याचे ऑपरेशननंतर दुःखद निधन.' टाकणारा बाळाराम. सोबत वामनचा फोटो, भोवती फुलांची चौकट, दोन बाजूंना दोन समया. मी वाचत होतो तोवर खाली जोडलेले हात पडायला लागलेसुद्धा, एकाखाली एक, एकाखाली एक... माझी नजर 'लाडका' या शब्दावरून हलेना. याच बाळारामनं याच ग्रुपवर वामनला गद्दार म्हटलं होतं आणि आता हात जोडणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. गंमत म्हणजे ज्याच्यापुढे हे हात जोडत होते तो त्या ग्रुपवर नव्हताच. त्याला काढून टाकलं होतं. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे, काढणाराही मीच.

याला दीड महिना झाला. लोक म्हणतात, राग हळूहळू उतरतो. माझा चढतोच आहे.

वामन आणि मी खारबावच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी टेमघरला झेरॉक्स आणि वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं, आणि तो काल्हेरला एका वजनकाट्यावर लागला. गोदामात माल घेऊन येणारा ट्रक आधी काट्यावर चढतो, वजन होतं, पावती निघते आणि मग पुढे जातो. त्या काट्याशेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये वामननं आयुष्याची वीस-बावीस वर्षं काढली. एक पंखा, एक खुर्ची, पाहुण्यासाठी एक स्टूल, आणि तारेत खोवलेल्या चुकीच्या छपाईच्या पावत्या. मागची बाजू कोरी म्हणून तो त्या फेकायचा नाही. त्याला तिरकं बोलायची सवय होती, खोटं बोलायची नव्हती. मी जाऊन स्टुलावर बसलो की म्हणायचा, "आला का शेठ? चढ काट्यावर, बघू बायकोनं किती खिलवलाय ते."

आमचा शाळेचा ग्रुप निघाला स्नेहसंमेलनासाठी, पण चालला तो रक्तासाठी. कुणाची सून बाळंत होणार असते, कुणाच्या बापाचा अपघात झालेला असतो. ग्रुपवर रक्तगट आणि हॉस्पिटलचं नाव पडलं की अर्ध्या तासात कुणीतरी गाडीला किक मारतोच. भिवंडीत आमच्या या ग्रुपचं नाव आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. वामनचं रक्त ओ निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारं. माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोला दिलं ते वामननं. बाळारामच्या भावालाही त्यानंच दिलं. काट्यावर बदली माणूस बसवायचा, जायचा, द्यायचा, बिस्किट खाऊन परत येऊन ट्रक मोजायचा.

मग तिकडे रशिया आणि युक्रेनचं युद्ध पेटलं, आणि इकडे आमच्या ग्रुपवर. आमच्यातल्या एकानंही ते दोन देश पाहिलेले नाहीत. तरी बाळारामनं पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला: रशिया आपला जुना दोस्त, विषय संपला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. वामन एकटा उलटा गेला. त्याला कारण होतं. त्याच्या बापाच्या भातशेतीला लागून गोदाम उभं राहिलं तेव्हा गोदामवाल्यानं कंपाउंडची भिंत बांध ओलांडून आत घातली होती. जाब विचारला तर म्हणाला, ही जागा आधीपासून आमचीच. वामनचा बाप मरेपर्यंत तलाठ्याकडे खेटे घालत राहिला. भिंत अजून तिथंच आहे. वामननं ग्रुपवर चार मिनिटांचा आवाजी मेसेज टाकला, मागे ट्रकचे हॉर्न: "दुसऱ्याच्या बांधावर भिंत घालनारा कितीबी मोठा असू दे, कितीबी जुना दोस्त असू दे, मी त्याच्या बाजूनं बोलनार न्हाय. तुम्ही बोला खुशाल."

तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. वामन पावत्यांच्या मागे मुद्दे लिहून काढायचा, एक, दोन, तीन, आणि केबिनमधून बोलायचा. त्याचे मेसेज कधीच चार मिनिटांच्या आत आटपले नाहीत. समोरून उत्तर म्हणून काय यायचं? कुठूनतरी ढकललेले व्हिडिओ, हसरे चेहरे, 'वामनला तिकडून पैसे येतात' असले विनोद. मुद्द्याला मुद्दा कुणी दिला नाही. मग तो थेट तिकडच्याच लोकांत शिरला. व्हिडिओखाली रशियन आणि युक्रेनी माणसं एकमेकांच्या आया-बहिणी काढायची, ते वामन फोनवर मराठीत करून वाचायचा. त्यात दोघे होते, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. एकेकाळी एकाच कारखान्यात कामाला होते म्हणे. रोज एकमेकांना कुत्रा, डुक्कर, खुनी म्हणायचे. मी एकदा म्हणालो, "अरे, मग ब्लॉक का करत नाहीत?" वामन म्हणाला, "येडा हायस का मध्या? शिवी येते तवर समोरचा जिता हाय, हे कलतं ना त्याला." पुढे एक दिवस युक्रेनवाल्याच्या शिव्या थांबल्या. रशियावाला आधी खिजवत राहिला, घाबरलास का म्हणून. मग रोज नुसतं एकच लिहायला लागला... उत्तर दे. वामननं मला ते दाखवलं आणि फोन उलटा करून ठेवला. बाहेर ट्रक हॉर्न मारत होता, तरी बराच वेळ उठला नाही.

हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्यानंतर महिन्याभरात मी वामनला ग्रुपमधून काढला.

झालं असं, की बाळारामनं मुलीच्या हळदीचं निमंत्रण ग्रुपवर टाकलं आणि वामननं त्याच्याच खाली बॉम्बनं पाडलेल्या हॉस्पिटलचा, ढिगाऱ्यातल्या मेलेल्या माणसांचा फोटो टाकला, आदल्या दिवशीच्या वादाचं उत्तर म्हणून. चूक त्याची होती, आणि तो मेला म्हणून मी ती झाकणार नाही. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव जेवतं, त्या निमंत्रणाखाली मेलेली माणसं कोण टाकतं? बाळारामचा फोन आला, "तो तरी राहील न्हायतर मी." मी वामनला काढला. चार दिवसांत परत घेऊ, असं मनाशी म्हटलं. हळदीला वामन आला होता. तो पंगतीत बसला तशी त्याच्या दोन्ही बाजूची माणसं उठून दुसरीकडे गेली. ज्यांना त्याचं रक्त चाललं होतं त्यांना त्याच्या शेजारची पत्रावळ चालली नाही. मी वाढत होतो. मी त्याच्या पानात भात वाढला आणि पुढे सरकलो. चार दिवसांचे आठ महिने झाले. टेमघरहून काल्हेर किती लांब आहे? रिक्षा मिळते हो! मी गेलो नाही.

आणि मग त्याचा मेसेज आला, माझ्या एकट्याच्या फोनवर. दुपारची वेळ, दुकानात परीक्षेच्या फॉर्मची गर्दी. चार मिनिटं बारा सेकंदांचा. मी लावला. "मध्या, तुज्या त्या रशियावाल्या बालारामला सांग..." एवढं ऐकलं आणि बंद केला. आठ महिन्यांनी तोंड उघडलं तर तेच पुराण, असं वाटलं. खरं सांगतो, मला हसूही आलं.

दहाव्याला आम्ही खाडीवर जमलो होतो. वामनचा मुलगा रोशन पाणी घेऊन आला आणि माझ्याशेजारी टेकला. सरळ मनाचा पोरगा, आवाजात जराही तक्रार नव्हती. "काका, रगत मिललं होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पप्पा बोलले, मधूला सांगितलंय, तो ग्रुपवर टाकंल. मंग तुमचा फोन न्हाय आला, म्हनून मी काट्यावर लाइनीत उभ्या ड्रायव्हरांना विचारलं. एक नागपूरचा निघाला ओ निगेटिव्ह. गाडी बाजूला लावून आला बिचारा." मी विचारलं, "मला कधी सांगितलं?" तो म्हणाला, "मेसेज केलेला ना."

मी मंडपाच्या मागे गेलो आणि तो मेसेज पहिल्यापासून ऐकला. साडेतीन मिनिटं युद्धच. बांध, भिंत, कुणाचा नकाशा खरा... मध्ये पावती उलटल्याचा आवाजही येतो. मग एक ट्रकचा हॉर्न. मग जरा थांबून, खालच्या आवाजात: "बरं, ते जाऊ दे. माजं पोटाचं ऑपरेशन हाय सोमवारी. रगत लागनार. माजा गट तुला ठावं हाय. ग्रुपवर टाक. पन नाव टाकू नको माजं... न्हायतर कोन यायचं न्हाय."

सगळे मला समजावतात, रक्त मिळालं होतं, तो रक्तावाचून गेला नाही. मला माहीत आहे. पण तो काय समजून ऑपरेशनला गेला, हे कोण सांगणार? नाव न टाकताही ग्रुपवरचं कुणी आलं नाही, असंच ना? मला स्वतःची चीड येते. वामनचीही येते. गाढवा, आधी रक्ताचं बोलायचं, मग रशियाचं! तू असा वाकडा नसतास तर... पण वाकडा नसता तर तो वामन नसता, आणि त्याला चार मिनिटं ऐकून घेणं मला जड का झालं, हा प्रश्न उरतोच.

तो मेसेज मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. वर एक अक्षर लिहिलं नाही. सगळ्यांनी उघडला, निळ्या खुणा दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळारामकडून गुलाबाचं फूल आलं, शुभ सकाळ. खाली पुन्हा जोडलेले हात. मी त्याला फोन करून जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तो ऐकत राहिला, फोन ठेवला नाही. शेवटी म्हणाला, "माज्या भावाला त्यानं दिलेलं रे..." आणि रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.

परवा काल्हेरला गेलो होतो. केबिनमध्ये आता दुसरा माणूस बसतो. स्टूल तेच आहे. तारेतल्या पावत्या रोशननं काढून मला दिल्या, म्हणाला, "तुमच्याशी भांडायलाच लिवलेल्या, तुम्हीच ठेवा." एकेकीच्या पाठीवर त्याचे मुद्दे आहेत, एक, दोन, तीन. काही पाठी कोऱ्या राहिल्या होत्या. हा लेख मी त्यांच्यावरच लिहिला. सगळ्या भरल्या, आता एकच उरली आहे.

तू टाकू नको म्हणाला होतास, मी टाकतो आहे. वामन जोमा पाटील. राहणार खारबाव. रक्तगट ओ निगेटिव्ह.