पांढऱ्या धाग्याचा कोंबडा

गेल्या रविवारी दुपारी आम्ही ऑफिसातले चौघं रफीकभाईच्या शेगडीवर जेवायला गेलो. अमरावतीत आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला त्याचं पाच टेबलांचं दुकान आहे. त्याच्या जावयानं हौसेनं बोर्डावर 'बार्बेक्यू' रंगवून घेतलंय, पण आम्ही सगळे शेगडीच म्हणतो.

तिथली रीत अशी, की कोंबडी गिऱ्हाइकानं स्वतःची आणायची. रफीकभाई ती कापून, साफ करून, मसाल्यात मुरवून अख्खी भाजून देतो आणि फक्त बनवणावळ घेतो. कोणाची कोणती हे कळावं म्हणून तो प्रत्येकीच्या तंगडीला वेगळ्या रंगाचा धागा बांधतो. कोणी काय आणलं ते डोक्यात ठेवत नाही, सगळा भरवसा धाग्यावर.

आम्ही पोल्ट्रीतला बॉयलर नेला होता. आमचा धागा लाल.

शेजारच्या टेबलावर नांदगाव खंडेश्वरकडचं एक कुटुंब बसलं होतं. चाळिशीचा माणूस, त्याची बायको, म्हातारी आई, आणि भिंतीला टेकवलेली बोचकी. मसाला मुरायला वेळ होता म्हणून मीच विचारलं, कुठं निघालात?

"पुन्याले," तो म्हणाला. "वॉचमनचं काम भेटलं. कपाशी सारी बोंडअळीनं खाल्ली, आता थांबून काय करा?"

संध्याकाळी बडनेऱ्याहून त्यांची गाडी होती. घराला कुलूप लावून आले होते. कोंबड्या नातेवाइकांना वाटून टाकल्या होत्या, पण एक गावरान कोंबडा म्हातारीनं कोणाला देऊ दिला नाही. पिल्लू होता तेव्हापासून तिनं त्याला हातानं दाणे घातले होते...

गाव सोडायचं तर घरचं खाऊन सोडायचं, असा तिचा हट्ट. पण भांडी बांधून झालेली, चुलीत राख. म्हणून ते कोंबडा घेऊन इथं आले होते. हे सगळं त्यानं मला सांगितलं, आणि मी मान हलवत "खरं आहे, खरं आहे" करत ऐकलं.

त्या दिवशी गर्दी फार. रंगीत धागे संपले म्हणून रफीकभाईनं त्यांच्या कोंबड्याला पांढरा बांधला. आता तासभर तिखट मसाल्यात पडलेला पांढरा धागा पांढरा राहतो का? पण हे सुचायला उसंत लागते, आणि त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची रांग लागली होती.

आमची प्लेट आधी आली. पहिल्याच घासाला कळलं की हा बॉयलर नाही. मांस हाडाला घट्ट धरून बसलेलं, आणि चव अशी की गावरान आहे हे जिभेनं लगेच ओळखावं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी शेजारच्या टेबलाकडेही पाहिलं... म्हणजे कोंबडा कोणाचा आहे हेसुद्धा मला कळलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"बोलू नको बे, खा चुपचाप," आमच्यातला प्रशांत म्हणाला आणि हसला. मीही हसलो. मग आम्ही लॉटरी लागल्यासारखे तुटून पडलो. कोणी उठून येण्याआधी संपवायचं, अशी घाई होती त्या खाण्याला.

थोड्या वेळानं त्यांची प्लेट आली. मुलानं पहिला तुकडा आईच्या हातात दिला. तिनं तो तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबली.

"हा आपला नोहे रे," ती म्हणाली.

मुलानं खाऊन पाहिलं. रफीकभाई धावत आला, त्यानं तंगडीचा धागा बोटानं चोळून पाहिला आणि मग आमच्या टेबलाकडे वळला. आमच्या प्लेटीत नुसती हाडं. त्याचा चेहराच उतरला. "मावशी, माह्या हातून गलती झाली," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आणि आमचा प्रशांत वर तोंड करून म्हणाला, "तुमी दिलं ते खाल्लं. आमाले का माहीत?" चोराच्या उलट्या बोंबा. मी काय केलं? मी हात धुवायला उठलो.

परत आलो तर तो माणूस आमच्या टेबलापाशी उभा होता. मला वाटलं आता शिव्या देणार. द्यायला हव्या होत्या. निदान तेवढ्यावर फिटलं असतं.

"कसा होता, भाऊ?" त्यानं हळूच विचारलं. "माय इचारून राहिली."

प्रशांत मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "चांगला होता," मी म्हणालो. "फार चांगला होता."

तो आईपाशी गेला आणि तिच्या कानाशी वाकला. "चांगला होता म्हन्ते, माय."

"असीनच," म्हातारी म्हणाली. "घरची ज्वारी खाल्ली होती त्यानं." आणि ती पुढ्यातला बॉयलर खायला लागली. अन्न टाकायचं नसतं ना.

पाच दिवस झाले, हे मी कोणाला बोललो नाही. "थांबा, हा यांचा आहे" एवढंच म्हणायचं होतं. निम्मा तरी वाचला असता. बोंडअळीला निदान भूक होती... आम्ही तर रविवार म्हणून खात होतो.

माफी मागावी म्हणून काल रफीकभाईकडे त्या कुटुंबाची चौकशी केली. त्यालाही ठाऊक नाही. पाऊण तास मी त्या माणसाशी गप्पा मारल्या, त्याच्या घरचा कोंबडा हाडापर्यंत खाल्ला, आणि त्याचं नाव विचारलं नाही.